कयाकवरनं गळ टाकायचाय? मग आधी गावच्या तळ्यात पडायला शिका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

काही आठवड्यांमागच्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पहिल्याच पानावर एक फोटो आला होता. निळ्या कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीवर, दोन पोरं उभी, एकाच्या हातात चांगला चार-पाच किलोचा कटला, मागं धरणाचं पाणी पसरलेलं आणि खाली तरुणाईच्या नव्या नादाबद्दल दोन कौतुकाच्या ओळी. फोटो झकास आहे, नाद पण झकास आहे, मी स्वतः सहा वर्षं झाली तोच करतोय म्हणून तर हे पत्र लिहायला बसलो. पण साहेब, त्या दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट नाही, एका माणसाच्या कयाकवर दोघं उभे आहेत, आणि मागचा काठ निदान अर्धा किलोमीटर लांब दिसतोय. सोमवारी सकाळी आमच्या वर्कशॉपमधल्या बावीस वर्षांच्या पोरानं तोच फोटो मोबाईलवर मला दाखवला आणि म्हणाला, दादा, आपण पण जाऊया की, राधानगरीला नाहीतर काळम्मावाडीला. म्हणजे बघा, फोटो छापून चोवीस तास झाले नाहीत तोवर एक पोरगं धरणावर निघालं पण.

त्याला मी नाही म्हटलं नाही. फक्त म्हटलं, धरण नाही, आपल्या गावचं तळं. आणि पहिले दोन रविवार रॉड घरी ठेवायचा. त्याचं तोंड एवढंसं झालं पण आला.

आता तळंच का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण नवीन पोरांना वाटतं मोठं पाणी म्हणजे मोठा मासा. राधानगरीचा जलाशय अभयारण्याला लागून आहे, तिथं मनाला येईल तिथं होडी सोडता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे. काळम्मावाडीचं पाणी इतकं रुंद आहे की दुपारी वारं सुटलं की लाटा उठतात आणि नवख्या माणसाला काठ दिसतो पण गाठता येत नाही. कळंब्याचं पाणी शहराला प्यायला जातं, तिथं उतरायचा विचार पण करू नये. रंकाळा ही सगळ्या गावाची फिरायची जागा, तिथं काठावर बाया-पोरं बसलेली असतात, तिथं गळ भिरकावणं बरं दिसत नाही. राहिली नदी, तर पंचगंगेला बंधाऱ्याच्या वर पाणी शांत दिसतं पण बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारांतल्या फळ्या, काढले की ओढ लागते, आणि पुढं कृष्णेच्या डोहांत मगरी आहेत हे सांगलीकरांना विचारा. म्हणून म्हणतो, गावचा पाझर तलाव, पाच-दहा एकराचा, कुठनंही काठ शंभर-दीडशे मीटरच्या आत, मधोमध आठ-दहा फूट खोल, आणि बांधावर कोण ना कोण म्हशी घेऊन उभा असतोय. हाक मारली तर ऐकू जाते. शिकायला यापेक्षा चांगली जागा मला तरी सापडलेली नाही.

पण गावचं तळं म्हणजे बेवारस तळं नव्हे, आणि इथंच बरेच जण चुकतात. बहुतेक तळी मच्छीमार सोसायटीला ठेक्यानं दिलेली असतात. सोसायटीनं पैसे घालून बीज सोडलेलं असतं, बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं आणून टाकलेली असतात, रोहू-कटला-मृगळ हे त्यांचं भांडवल आहे. न विचारता जाऊन तुम्ही चार किलोचा कटला काढलात तर ती सरळ चोरी आहे, मग तुम्ही गळानं काढा नाहीतर जाळ्यानं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आधी चेअरमनच्या घरी गेलो, चहा झाला, आणि तिथंच ठरलं की रोहू, कटला, मृगळ लागला तर परत पाण्यात, चिलापी पाहिजे तेवढी न्या, मरळ लागला तर विचारून, आणि दिवसाचे ठरलेले पैसे द्यायचे. चिलापीबद्दल ते स्वतःच म्हणाले, जेवढी काढाल तेवढं आमच्यावर उपकार, कारण 1952 साली बाहेरून आपल्या देशात आणलेला हा मासा इतका वाढतो की बाकीच्या माशांचं खाणं आणि जागा दोन्ही खातो. सहा वर्षं झाली, एकदा पण भांडण नाही. उलट कुठं जाळं लावलंय ते मला सकाळी फोन करून सांगतात.

हे जाळ्याचं फार महत्त्वाचं आहे म्हणून इथंच सांगतो. आपल्या तळ्यात तंगूसाची, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याची जाळी लावलेली असतात, वर खुणेला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या नाहीतर चपलेचे तुकडे बांधलेले. एका रांगेत बाटल्या तरंगताना दिसल्या की तिकडं जायचं नाही, वरनं पण जायचं नाही. त्यात पडलात तर पाय अडकतो, आणि माणूस घाबरून पाय झाडायला लागला की जाळं जास्तच गुंडाळतं. पाय स्थिर ठेवायचे आणि तंगूस कापायचा, म्हणून छोटी सुरी जॅकेटलाच लावलेली पाहिजे, डब्यात नव्हे. दुसरी गोष्ट मोटारींची. आपल्याकडं तळ्याच्या नाहीतर नदीच्या काठाला किती पाणी उपसायच्या मोटारी आहेत ते बघा, त्यांच्या केबली पाण्यातनं नाहीतर पाण्याला लागून गेलेल्या असतात, कुठं टेप गुंडाळलेली, कुठं ती पण सुटलेली. मोटारीच्या आसपास होडी न्यायचीच नाही, मासा तिथं असला तरी नाही.

आमचे वडील गुऱ्हाळावर होते. पावसाळ्यात नदीपलीकडच्या रानात जायचं तर गुळाच्या काहिलीत बसून जायचे, आमच्या भागात जुन्या लोकांना हे माहीत आहे. काहील गोल, तळ सपाट, वल्ही नाहीत, हातानं नाहीतर फळकुटानं पाणी मारायचं आणि ती गरागरा फिरत पलीकडं लागायची. मला लहानपणी एकदा नेलं होतं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं, मधी बस, उठू नको, आणि कडंला वाकू नको. कयाकवर पण नेमकं हेच आहे. कयाक ही मुळात उत्तरेकडच्या बर्फातल्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी, लाकडाच्या नाहीतर हाडाच्या सांगाड्यावर कातडं ताणून केलेली, सील मारायला त्यात बसून जायचे. आता प्लास्टिकची आली, पेडलची आली, पण माणसाचं वजन कुठं पडतंय यावरच ती सरळ राहते हे काय बदललेलं नाही.

घ्यायची कुठली, हे मला सगळ्यात जास्त विचारतात. नवख्यानं वर बसायची घ्यावी, ज्याला सिट-ऑन-टॉप म्हणतात ती. आत पाय घालून बसायची नको, कारण ती उलटली की आत पाणी भरतं आणि मधोमध पाण्यात ते उपसत बसणं नवख्याचं काम नव्हे. वर बसायचीला खाली आरपार भोकं असतात, पाणी आपोआप निघून जातं. लांबी दहा फुटांच्या आसपास, रुंदी 30 इंचाच्या वर, 32-33 असली तर बरंच. लांब आणि अरुंद होडी वेगात जाते पण आपल्याला शर्यत लावायची नाही, तळ्यात दहा मिनिटांत या टोकाचं त्या टोकाला जाता येतं. होडीवर लिहिलेली वजनाची मर्यादा ही बुडायच्या आधीची मर्यादा समजा, त्याच्या दोन तृतीयांशात आपण, सामान, पाणी, मासे सगळं बसवायचं. म्हणजे 150 किलो लिहिलं असेल तर 100. त्या फोटोतली दोन पोरं मिळूनच 130 किलोची असतील, म्हणून मला तो फोटो बघून पोटात गोळा आला.

हवा भरायची पण चालते, डिकीत मावते, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सोयीची, फक्त आपल्या तळ्यांच्या काठाला बाभळी आहेत हे विसरू नका, उतरायच्या जागेवर आधी चप्पल काढून पायानं चाचपून काटे बघायचे आणि मग होडी ठेवायची. आणि उन्हात काठावर काढून ठेवली तर थोडी हवा सोडायची, आत हवा तापून शिवण उसवते. मी माझी जुनी घेतली, प्लास्टिकची, 28 किलोची. जुनी घेताना उलटी करून मागचा तळ बघा, लोक ओढत नेतात त्यामुळं तिथं प्लास्टिक घासून पातळ झालेलं असतं, आणि खालच्या भोकांच्या कडंला केसासारखी चीर असते ती नख फिरवल्याशिवाय कळत नाही.

वल्हं हलकं घ्या, रुंद होडीला 240 सेंटिमीटरच्या आसपास लागतं, त्यापेक्षा आखूड घेतलं तर प्रत्येक वेळी हात होडीच्या कडेला आपटतो. आणि ते दोरीनं होडीला बांधा.

आता जॅकेट. साहेब, यावर मला दोन पानं लिहायची होती पण आवरतो. माझं पहिलं जॅकेट मी ऑनलाइन मागवलं, केशरी, छान दिसणारं, फोटोत हसरी बाई घालून उभी. ते आल्यावर हातात घेतलं तेव्हाच जरा पोचट वाटलं. आमचा धंदा ओतकामाच्या मालाचा, वजनं तर वर्कशॉपमध्ये पडलेलीच असतात, म्हणून ते घेऊन मी आमच्या रानातल्या विहिरीवर गेलो आणि त्याला तीन किलोचा बिडाचा तुकडा बांधून सोडलं. दहा मिनिटं तरंगलं, मग हळूहळू एका बाजूला कललं, मग खाली गेलं. वर ओढून काढलं तर आतला फोम पाणी प्यालेला, पिळल्यावर ग्लासभर पाणी निघालं. तेच अंगात घालून मी पुढच्या रविवारी तळ्यात जाणार होतो. मोठ्या माणसाच्या जॅकेटला निदान 50 न्यूटनचा उठाव पाहिजे, म्हणजे साधारण पाच किलोचं लोखंड त्यानं वर धरून ठेवलं पाहिजे. आणि ते पोहता येणाऱ्यासाठी झालं, ज्याला पोहता येत नाही त्यानं 100 न्यूटनचं, मानेमागं कॉलर असलेलं घ्यावं, तेच तोंड वर ठेवतं. खरं तर ज्याला पोहता येत नाही त्यानं आधी पोहायला शिकावं, आपल्या कोल्हापुरात विहिरीत पाठीला डबा बांधून पोरं शिकायची, त्याला किती दिवस लागतात? घातल्यावर दुसऱ्याला खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगायचं, जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, पाण्यात डोक्यातनं निघून जाईल. आणि जॅकेट घालायचं, होडीत सीटमागं ठेवायचं नाही. पडणारा माणूस पडताना जॅकेट घालत नाही.

मी पडलोय म्हणून सांगतोय. फेब्रुवारीतली सकाळ, आठ वाजले होते, तळं आरशासारखं. पाण्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळीच्या फांदीत माझा गळाला आमिष म्हणून लावलेला नकली बेडूक अडकला. मी होडी फांदीला आडवी नेली आणि बसल्या बसल्या रॉड बाजूला खेचला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अंगाचा जोर लावला आणि गळ सटकन सुटला. ज्या बाजूला मी जोर लावला होता त्याच बाजूला पाण्यात. इतकं पटकन होतं ते की मला होडी उलटलेली आठवतच नाही, एकदम कानात पाणी आणि थंडी. जॅकेटनं वर आणलं. डोळे उघडले तर होडी पालथी होऊन माझ्यापासनं चार हात लांब गेलेली, रॉड गेलेला, एक पाय खाली सोडला तर चिखल, आणि चिखलात काहीतरी पोटरीला गुंडाळल्यागत लागलं. शेवाळ होतं, जाळं नव्हतं, पण ते क्षण मला अजून आठवतात. सोसायटीचा एक माणूस ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळं बघत होता, तो वल्हवत आला आणि म्हणाला, अण्णा, गळ अडकला की त्याच्याकडं तोंड करून जायचं असतंय, आडवं नाही. ट्यूबवर बसून वीस वर्षं मासे धरणारा माणूस, त्याच्या एका वाक्यात सगळं आलं. गळ अडकला तर होडीचं नाक त्या बाजूला करा, जवळ जा, सैल सोडून काढा. निघाला नाही तर तंगूस कापा.

म्हणून आमच्या पोराला पहिल्या रविवारी मी एवढंच करायला लावलं, पडायचं आणि चढायचं. छातीभर पाण्यात आधी, मग खोल. होडी पालथी झाली तर पोटाशी जाऊन पलीकडची कड धरायची आणि आपल्याकडं ओढून ती सरळ करायची. मग मधोमध, सीटच्या जागी, दोन्ही हात कडेवर. इथं सगळे हातानं वर चढायला बघतात आणि पाय होडीखाली जातात, होडी परत अंगावर येते. हातानं चढायचं नाही, पाय मागं पाण्याच्या वर येईपर्यंत जोरात मारायचे, अंग आडवं झालं की पोटावर सरकत होडीवर, म्हशीचं रेडकू कठड्यावर पोट टेकतं तसं, मग कुशीवर वळून बसायचं, पाय शेवटी. पोरगं पहिल्या वेळी अकरा वेळा परत पाण्यात पडलं. बांधावर शेंबडी पोरं टाळ्या वाजवत होती. बाराव्यांदा चढलं. दुसऱ्या रविवारी दहापैकी नऊ वेळा. ज्याला हे जमत नाही त्यानं गळ हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तरी चालेल.

दुसऱ्या रविवारी वारं. निघताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे परत येताना दमलेले असता तेव्हा वारं तुम्हाला काठाला आणून सोडतं. उलट केलं तर मजेत लांब जाता आणि येताना जीव जातो. मार्च ते मे पहाटे जाऊन नऊच्या आत बाहेर, कारण त्यानंतर ऊन आणि दुपारी वारं. वळवाचं आभाळ भरून यायला लागलं, लांब कुठं गडगडलं, तर त्याच मिनिटाला बाहेर. आजकालचे रॉड ग्रॅफाइटचे असतात, त्यातनं वीज जाते, आणि मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट मी तळ्यावर जातच नाही, तळं भरून सांडव्यावरनं पाणी पडतं तेव्हा त्या बाजूची ओढ वरनं दिसत नाही, आणि माशांच्या अंडी घालायच्या दिवसांत त्यांना त्रास द्यायला मला आवडत नाही.

तिसऱ्या रविवारी रॉड दिला. साधा साडेसहा फुटाचा, मधल्या ताकदीचा, बारा पौंडाची दोरी, वर बूच आणि खाली गांडूळ. नवख्यानं महागड्या लूरच्या, म्हणजे नकली आमिषांच्या मागं लागू नये. उथळ पाण्यात काठालगत बारकाईनं बघितलं तर तळाला ताटाएवढे गोल खड्डे दिसतात, ती चिलापीच्या नरांनी केलेली घरटी, त्याच्या आसपास हमखास मासा लागतो. कटला वरच्या पाण्यात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं आहे, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला, एवढं माहीत असलं तरी बूच कुठं बांधायचं ते कळतं. कयाकचा फायदा एकच आणि तो फार मोठा आहे, केंदाळाच्या, म्हणजे जलपर्णीच्या पलीकडची जी मोकळी जागा काठावरनं कधीच हाताला येत नाही तिथं तुम्ही आवाज न करता जाता. पण आवाज न करता म्हणजे खरंच न करता, प्लास्टिकच्या तळावर पक्कड पडली की ढोल वाजल्यासारखं होतं आणि मासे पांगतात. मी पायाखाली जुन्या सतरंजीचा तुकडा टाकलाय.

उभं राहून नांगर टाकायची गरज नाही. माझा नांगर म्हणजे दीड किलोचा ओतीव तुकडा आणि वीस फूट दोरी, आपल्या तळ्यात पुरतो. तो पुढच्या नाहीतर मागच्या टोकाला बांधायचा, कुशीला कधीच नाही, कुशीला बांधला आणि वारं आडवं आलं की नांगरच होडी पालथी करतो. आणि गाठ अशी मारायची की एका ओढीत सुटली पाहिजे.

मासा मोठा लागला तर रॉडचं टोक होडीच्या नाकाकडं ठेवा, त्याला ओढू दे, होडी त्याच्या मागं फिरते आणि मासा आपोआप दमतो. चार किलोचा कटला मला एकदा अर्धं तळं फिरवून आला, त्यासारखी गंमत नाही. तीनतोंडी गळ होडीत नकोच, घेतलाच तर पक्कडीनं उलटे काटे दाबून टाका, कारण मांडीवर मासा उडाला तर गळ त्याच्या तोंडात आणि तुमच्या बोटात एकदमच असतो. सोडायचा मासा ओल्या हातानं धरा, पाण्याबाहेर धरून फोटोसेशन नको, दोन्ही हातांनी पाण्यात सरळ धरायचा, शेपटी हलवून स्वतःहून गेला पाहिजे.

आणि मरळ. हा मासा दर थोड्या वेळानं वर येऊन हवा घेतो, केंदाळाच्या कडेला बुडबुडा आणि गोल लाट दिसते, तिथं नकली बेडूक टाकला की जो फटका येतो त्यासाठी लोक आयुष्यभर तळ्यावर जातात. पण कधीतरी पाण्यावर तांबूस पिल्लांचा एक गोळा दिसेल, पावसाच्या थेंबांसारखं पाणी तिथं थरथरत असतं, सगळी मिळून एकदम वर येतात आणि एकदम खाली जातात. त्याच्या खाली आईबाप राखण करत असतात आणि ते राखणीपायी कशावरही झडप घालतात, म्हणून तिथं गळ टाकला तर मासा नक्की लागतो. तिथं टाकू नका. तो मासा गेला की पिल्लं चिलापीच्या तोंडी जातात. मी पोराला हे दाखवलं तेव्हा त्यानं रॉड मांडीवर ठेवला आणि आम्ही पाव तास नुसते बघत बसलो.

काही लोक आजही तळ्यात सुरुंगाचा नाहीतर विषारी पावडरीचा उद्योग करतात. 1897 च्या कायद्यापासनं हा गुन्हा आहे. कयाकवरनं फिरणाऱ्याला हे आधी दिसतं, पांढरं पोट वर करून बोटुकली तरंगताना. दिसलं तर सोसायटीला लगेच फोन करावा, तेवढं तर आपण त्या तळ्याचं देणं लागतो.

साहेब, माझी आपल्याला विनंती अशी की यापुढं कयाकचा, होडीचा, कुठलाही पाण्यातला फोटो छापताना त्यात जॅकेट आहे का एवढं बघावं. 2019 आणि 2021 च्या महापुरात आपल्याच पेपरात रोज फोटो असायचे, बोटीत बसवलेल्या आज्ज्यांच्या अंगात पण केशरी जॅकेट होतं, आणि लोकांनी ते बघून शिकलं होतं. ग्रामपंचायतींना आणि सोसायट्यांना पण सांगणं आहे, तळ्याला एक उताराची जागा साफ करून घ्या, तिथं खोली किती आणि मोटारी कुठं आहेत याचा एक बोर्ड लावा, आणि गळवाल्यांकडनं दिवसाची पावती फाडा. आम्ही आनंदानं देऊ. सोसायटीला पैसे मिळतील आणि कोण पाण्यात आहे हे गावाला माहीत राहील.

सोबत एक फोटो पाठवतोय. आमचाच पोरगा आहे, तिसऱ्या रविवारचा. बसलेला आहे, जॅकेटचे तिन्ही पट्टे लावलेले आहेत, हातात तळहाताएवढी चिलापी आहे आणि मागं बांधावरच्या म्हशी स्पष्ट दिसतायत इतका काठ जवळ आहे. मासा लहान आहे, पण पुरवणीत जागा असेल तर हाच छापावा.

आपला नियमित वाचक,
एक लेथवाला, उद्यमनगर, कोल्हापूर